जर्मन पासिंगची गाडी, डच पाटी

८ मार्च २०२५, शनिवार

आइंडहोवनमध्ये चार वर्षं सायकल, बस आणि ‘तुमच्या गाडीत एक जागा आहे का हो?’ यांवर काढली. आता लेकीचं पोहणं एका टोकाला, मराठी शाळा दुसऱ्या टोकाला, आणि नोव्हेंबरातला पाऊस आडवा. गाडी घ्यायची यावर घरात एकमत झालं. कुठली, यावर चर्चाच झाली नाही. मी औरंगाबादचा. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला तेव्हा मी शाळेत होतो. जालना रोडवर पहिली ऑक्टाव्हिया दिसली तेव्हा आम्ही चार पोरं सायकली आडव्या टाकून बघत बसलो होतो. त्यामुळे ऑक्टाव्हिया. काँबी, म्हणजे मागे डिकी लांब असलेली. पेट्रोल. पाच वर्षांपर्यंत जुनी.

डच बाजारात हव्या त्या रंगाची, हव्या त्या किलोमीटरची मिळेना. मिळाली ती खिशाबाहेर. म्हणून जर्मनीकडे बघायला सुरुवात केली. सीमा इथून तासाभरावर. तिकडे काँबी गाड्या ढिगाने.

पण स्वस्त दिसते तेवढी ती स्वस्त नसते, हे आधीच लिहून ठेवतो, नंतर मोहात पडायला नको. नेदरलँड्समध्ये नव्या गाडीची पहिली नोंदणी होते तेव्हा बीपीएम नावाचा कर बसतो. तो गाडी किती कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर ठरतो. इथली जुनी गाडी घेतो तेव्हा त्या कराचा उरलेला भाग किमतीत मुरलेलाच असतो, वेगळा दिसत नाही. बाहेरून जुनी गाडी आणली की तोच उरलेला भाग आपल्याला वेगळा, रोख मोजावा लागतो. युरोपीय कायद्याप्रमाणे हा कर इथल्या तशाच जुन्या गाडीत मुरलेल्या करापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे लूट नाही, पण फुकटही नाही.

१५ मार्च, शनिवार

आइंडहोवन ते व्हेनलो डच गाडी, व्हेनलोहून पुढे जर्मनांची आरई १३. म्युन्शनग्लाडबाखला उतरलो. सोबत ड्युसेलडॉर्फकर. (आमचा कॉलेजचा मित्र. दहा वर्षं ड्युसेलडॉर्फात राहून त्याचं आडनाव आम्ही कायमचं बदलून टाकलंय.) तो रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला होता. बॉनेट, दरवाजे, छत, सगळीकडे शंभर-सव्वाशे मायक्रॉन; मागच्या डाव्या दरवाजावर एकदम २६०. विक्रेत्याला विचारलं. पार्किंगमध्ये खांबाला घासली होती, दरवाजा रंगवलाय, बिल आहे, म्हणाला. बिल दाखवलं. इतक्या सरळ उत्तराची सवय नसल्यामुळे आम्हीच जरा गोंधळलो.

फेब्रुवारी २०२० ची पहिली नोंदणी, ९२ हजार किलोमीटर, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, हिवाळी टायरचा वेगळा जोड. किंमत १३,९०० युरो. ट्यूफ (म्हणजे तिकडची दर दोन वर्षांची तपासणी) नुकतीच झालेली, मार्च २०२७ पर्यंत. सहा महिन्यांहून जास्त जुनी आणि सहा हजार किलोमीटरहून जास्त चाललेली, त्यामुळे इकडे आणल्यावर तिच्यावर व्हॅट परत लागत नाही. विक्रेत्याने फक्त त्याच्या नफ्यावरचा कर लावून बिल केलं.

कागद दोन. जर्मन माणूस त्यांना शाइन आणि ब्रीफ म्हणतो. अधिकृत नावं नोंदणी प्रमाणपत्र भाग एक आणि भाग दोन. शाइन गाडीत ठेवायचा, ब्रीफ घरी कपाटात. ब्रीफ ज्याच्या हातात त्याची गाडी, असं तिकडे धरून चालतात, म्हणून तो गाडीत विसरणं हा मोठा वेडेपणा. मला मात्र आवडली ती रकान्यांवरची अक्षरं. बी म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, ई म्हणजे चेसिस नंबर, व्ही.७ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ग्रॅम दर किलोमीटर. ही अक्षरं युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत तीच. जर्मन ओ की ठो येत नसतानाही मला त्या कागदावरचं निम्मं वाचता आलं.

व्ही.७ मध्ये १३६ लिहिलेलं. फोटो काढून घेतला.

तिसरा एक कागद असतो, सीओसी. कारखान्यानेच दिलेला दाखला, की ही गाडी अमुक मान्य नमुन्याप्रमाणे बनली आहे. ‘फाइलमध्ये असेल,’ विक्रेता म्हणाला. फाइलमध्ये सर्व्हिसची बिलं, रेडिओचं पुस्तक, एका पिझ्झावाल्याचं पत्रक. सीओसी नाही. ‘शोधून पाठवतो.’ हा शब्द पाळला जाणार नाही हे ड्युसेलडॉर्फकराने बाहेर पडतानाच सांगितलं होतं. तरी पाचशे युरो बयाणा दिला. गाडी चांगली होती.

१६ मार्च, रविवार

बीपीएमचा हिशोब मांडला. आजचा दर, १३६ ग्रॅम: नव्या गाडीवर बसला असता तो कर नऊ हजारांच्या घरात. सरकारी घसारा तक्त्याप्रमाणे पाच वर्षं दोन महिन्यांच्या गाडीचा साधारण ६५ टक्के भाग वजा होतो. उरतात ३,१०० च्या आसपास. बायकोने आकडा बघून फक्त ‘बरं’ म्हटलं. तिचा ‘बरं’ मला कळतो.

रात्री पुन्हा वाचत बसलो. आजचाच दर लावला पाहिजे असं नाही. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हाचा दर लावूनही हिशोब करता येतो, जो कमी तो घ्यायचा. २०२० च्या सुरुवातीचा तक्ता काढला, १३६ घातले. २,७५० च्या आसपास. साडेतीनशे वाचले. झोपलो.

(हा हिशोब चुकला होता. का ते ८ एप्रिलला.)

१९ मार्च, बुधवार

सीओसी मिळणार नाही, असं विक्रेत्याचं पत्र. आधीच्या मालकाकडे राहिला असेल, आधीचा मालक म्हणजे एक भाड्याने गाड्या देणारी कंपनी, तिथे कोणी फोन उचलत नाही. आरडीडब्ल्यूला, म्हणजे इकडच्या वाहन नोंदणी खात्याला, सीओसीवाचूनही चालतं. युरोपीय मान्यतेची गाडी असली तर जर्मन कागदांवर काम होतं. पण माझा स्वभाव असा, की कागद हवा म्हणजे हवा. कारखान्याच्या प्रतिनिधीकडे नवी प्रत मागवली. दीडशे युरो गेले. दोन-तीन आठवडे लागतील म्हणे.

संध्याकाळी बाबांचा फोन. २०११ साली त्यांनी बिदरहून सेकंडहँड गाडी आणली होती, केए ३८ पासिंगची. ती एमएच २० करायला काय काय लागलं ते त्यांनी मला पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकवलं: फॉर्म २८ वर तिथली एनओसी, बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५, इथे परत रोड टॅक्स, आणि तिथे भरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज, ज्याचं पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. ‘दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर पासिंग बदलावंच लागतं,’ हे त्यांना पाठ आहे, कारण ते त्यांना नाक्यावर तीनदा कोणीतरी सांगितलंय.

‘तुमच्याकडे एजंट नाही का?’

आहेत. चांगले आहेत, बोर्ड लावून, वेबसाइट करून बसलेत. पण मला हे एकदा स्वतः करून बघायचंय, असं म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

२७ मार्च, गुरुवार

सुट्टी टाकली. म्युन्शनग्लाडबाखचं नोंदणी कार्यालय, जर्मन नाव त्सुलासुंग्सश्टेले. हा शब्द एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला ड्युसेलडॉर्फकर कॉफी पाजतो. मला स्वतःची घ्यावी लागली.

निर्यातीची पाटी काढायची होती. त्यासाठी लागतं: विमा, ओळखपत्र, दोन्ही भागांचे मूळ कागद, चालू असलेली ट्यूफ, आणि मी जर्मनीत राहत नसल्यामुळे तिथे राहणारा कोणीतरी, माझ्या नावाने आलेली सरकारी पत्रं स्वीकारायला. इथे ड्युसेलडॉर्फकराची सही झाली. ‘तुझ्या गाडीने कुणाला ठोकलं तर पत्र माझ्या घरी येणार,’ असं तो खिडकीतल्या बाईंसमोरच मराठीत म्हणाला.

बाईंनी क्रमांक दिला, पाट्या मात्र दिल्या नाहीत. पाट्या आपण बाहेरून करून आणायच्या. कार्यालयाच्या समोर ओळीने तीन दुकानं, तिघांचाही धंदा एकच. आपल्याकडे तहसील कचेरीसमोर टंकलेखनवाले आणि झेरॉक्सवाले बसतात तसे. आम्ही मधल्यात शिरलो. माणसाने कोऱ्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काढल्या. उजव्या टोकाला आधीच लाल पट्टा. मग त्याने पोलादी अक्षरांचे ठोकळे एकेक करून साच्यात बसवले: एम, जी (म्हणजे म्युन्शनग्लाडबाख), मग आकडे, शेवटी एक अक्षर. निर्यातीच्या पाटीत अक्षर शेवटी येतं, त्यावरूनच ती ओळखू येते. दाबयंत्राचा दांडा खाली ओढला, खट्ट. पट्टी उलटी करून गरम रुळांतून फिरवली, तेव्हा उंच उठलेल्या भागांवर काळा रंग चढला. लाल पट्ट्यावर तारीख: दहा, चार, पंचवीस, एकाखाली एक. पाटी हातात दिली तेव्हा कोमट होती. सगळं मिळून चार मिनिटं. बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर: ‘आपल्याकडे एचएसआरपीला केवढी रांग आहे माहितीये का?’

परत खिडकीत जाऊन बाईंकडून शिक्के चिकटवून घेतले. पाट्या स्क्रूने बसवल्या, मूळ कागद छातीशी धरले, निघालो.

अजून एक काम सकाळीच केलं होतं, ते नोंदवून ठेवतो, कारण याच्यावाचून पुढचं सगळं बेकायदा ठरतं. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या माणसाने परदेशी पाटीची गाडी डच रस्त्यावर आणली की पहिल्या मीटरपासून बीपीएम आणि रस्ताकर लागू होतात. नोंदणीसाठी आणत असाल तर दोन आठवड्यांपर्यंत सूट मिळते, पण कर खात्याला आधी कळवलं पाहिजे. आधी. सीमा ओलांडल्यावर नव्हे.

ए ६१ ने व्हेनलोकडे. जर्मन बाजूला बऱ्याच पट्ट्यात वेगाला मर्यादा नाही. मी धीर करून १४० पर्यंत गेलो आणि घाबरून परत आलो. मग निळ्या चौकोनात बारा ताऱ्यांचं वर्तुळ, आत ‘नेदरलँड’. ना नाका, ना पोलीस, ना चहावाला. रस्त्याचं नाव ए ७४ झालं, आणि दिवसाची मर्यादा शंभर. गाडीला काही कळलं नसावं.

३० मार्च, रविवार

पाडवा. बाबांचा आग्रह होता की गाडीची खरेदी पाडव्यालाच दाखव. पण रविवारी जर्मनीत दुकानं बंद, शिवाय आज पहाटे घड्याळं एक तास पुढे सरकली, त्यामुळे मुहूर्त कोणत्या वेळेने धरायचा यावर आईचं आणि शेजारच्या काकूंचं फोनवर एकमत झालं नाही. बाल्कनीत गुढी, खाली पार्किंगमध्ये ऑक्टाव्हिया. आपली झेंडूची फुलं इथे या दिवसांत कुठली मिळायला. बायकोने पिवळ्या डॅफोडिल्सचा हार केला. जर्मन लाल पट्ट्याच्या पाटीवर हळद-कुंकू. पलीकडच्या डच आजी कुत्रा घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, सगळं नीट बघितलं, आणि म्हणाल्या, ‘अभिनंदन, गाडीचा वाढदिवस का?’ मी हो म्हटलं. स्पष्टीकरण लांबलं असतं.

८ एप्रिल, मंगळवार

सीओसी आली. तीन पानं, रकाने अंकांनी मोजलेले, रिकामी बापुडवाणी दिसणारी. संध्याकाळी चहा घेत सहज वाचत होतो.

४९ क्रमांकाखाली कार्बन डायऑक्साइड. ४९.४ मध्ये १३६. ठीक, शाइनमध्ये तेच होतं. पण वर ४९.१ मध्ये ११५.

एकाच गाडीचे दोन आकडे? चहा खाली ठेवला.

प्रकार असा. गाडीचा धूर पूर्वी एनईडीसी नावाच्या जुन्या चाचणीने मोजायचे. ती फारच सौम्य होती, प्रत्यक्षात कोणी तशी गाडी चालवत नाही. मग डब्ल्यूएलटीपी ही कडक चाचणी आली. त्यात तीच गाडी जास्त धूर सोडताना दिसते, कारण तिला जास्त खरं चालवून बघतात. मधल्या काही वर्षांच्या गाड्यांच्या दाखल्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. जर्मनी वाहनकरासाठी २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी धरते, म्हणून शाइनच्या व्ही.७ मध्ये मोठा आकडा. नेदरलँड्सने मात्र बीपीएम डब्ल्यूएलटीपीवर नेला १ जुलै २०२० ला. माझी गाडी फेब्रुवारी २०२० ची. म्हणजे तेव्हाचा डच दर लावायचा तर आकडाही तेव्हाचा, जुन्या चाचणीचा लावायचा. मी जुना दर आणि नवा आकडा असा खिचडी हिशोब केला होता. आणि जुना तक्ता अशा बेताने केलेला, की ग्रॅम वाढले की कर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. वरचे एकवीस ग्रॅम महाग पायऱ्यांवर पडले होते.

जुना दर, ११५ ग्रॅम, ६५ टक्के वजा. १,७०० च्या थोडं वर.

दोनदा तपासलं. मग तिसऱ्यांदा बायकोकडून तपासून घेतलं, तिला गाड्यांतलं काही कळत नाही पण बेरीज माझ्यापेक्षा बरी येते. हजार युरोंचा फरक. दीडशे युरो देऊन मागवलेला कागद, ज्याच्यावाचून ‘चालतं’ असं सगळे म्हणत होते.

या क्षणी विक्रेत्याच्या पिझ्झा पत्रकाची आठवण झाली.

९ एप्रिल, बुधवार

पाटी उद्या रात्री बारा वाजता मरणार, सूटही त्याच सुमाराला संपणार. आरडीडब्ल्यूच्या तपासणीची वेळ मिळाली १५ तारखेची. मधले दिवस गाडी रस्त्याच्या कडेला उभी करणंही चालत नाही. सार्वजनिक जागेत उभी राहायलासुद्धा नोंदणी लागते. फेल्डहोवनला ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या घरापुढे स्वतःचं अंगण आहे. तिथे नेऊन लावली. तिच्या नवऱ्याने ताडपत्री टाकली. ‘तिला थंडी नाही वाजणार,’ म्हणाला.

हीच मैत्रीण तीन वर्षांपूर्वी आखेनहून इथे राहायला आली ती स्वतःची गाडी घेऊन. तिला बीपीएम पडला नाही. कारण घर हलवताना सामानाबरोबर आपली गाडी आणली तर माफी असते: बाहेर वर्षभर राहिलेलं हवं, गाडी सहा महिने तरी आपल्या नावावर आणि वापरात हवी, आणि आल्यावर बारा महिने विकायची नाही. तिने विचारलं, ‘तू आधी जर्मनीत राहायला का गेला नाहीस?’ प्रश्न हसून सोडून दिला, पण रात्री एकदा हिशोब केला.

१५ एप्रिल, मंगळवार

तपासणी. जायला-यायला एका दिवसाचा क्रमांक घेतला होता. त्याच दिवशी, तेवढ्याच कामापुरता.

ही तपासणी ब्रेक-दिवे बघायची नसते, गाडी कागदावरचीच आहे का हे बघायची असते. ती खात्री पटली की झालं. इन्स्पेक्टर उंच, पिकल्या मिशांचे, हातात लहानशी विजेरी. आधी काचेखालचा चेसिस नंबर वाचला. मग बॉनेट उघडायला सांगितलं. कारखान्यात पत्र्यात ठोकलेला नंबर उजव्या बाजूच्या सस्पेन्शनच्या घुमटीवर असतो. तिथे पाच वर्षांचा काळा चिकट थर. त्यांनी विजेरी तिरपी धरली, डोळे बारीक केले, सरळ उभे राहिले.

‘फडकं आहे?’

नव्हतं. गाडी धुवून, आतून व्हॅक्यूम मारून, काचा चकचकीत करून आणली होती. बॉनेटखाली कोणी बघेल हे डोक्यातच आलं नव्हतं. खिशात रुमाल होता, आईने दिलेला, पांढरा, कोपऱ्यात भरतकाम केलेला. तो काढला आणि घासायला लागलो. टी, एम, बी. पुढची अक्षरं हळूहळू वर आली. ते खांद्यावरून वाचत होते, मी घासत होतो, ते शाइनच्या ई रकान्याशी ताडून बघत होते. सतरावं अक्षर जुळलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि रुमालाकडे बघून म्हणाले, ‘हा आता गॅरेजचा झाला.’

किलोमीटर लिहून घेतले: ९२,६०८. इथे गाडीच्या प्रत्येक तपासणीला किलोमीटर नोंदवले जातात, त्यावरून आकडा ‘सुसंगत’ की ‘विसंगत’ असा शेरा पडतो. माझ्या गाडीला ‘मत नाही’. सीमेपलीकडचा इतिहास यांच्या नोंदीत नाही, तर मत कुठून देणार? सर्व्हिसची बिलं दाखवली. बघितली, परत दिली. शेरा तोच.

शेवटी शाइन आणि ब्रीफ, दोन्हींच्या मूळ प्रती त्यांनी ठेवून घेतल्या. हे माहीत होतं, तरी हात जरा रेंगाळला. ज्या कागदाला तीन आठवडे उशाशी घेऊन झोपलो, तो त्यांनी एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकला. बदल्यात एक पावती.

१७ एप्रिल, गुरुवार

बीपीएमचं विवरण भरलं. उरलेला कर ठरवायच्या तीन वाटा: सरकारी घसारा तक्ता, बाजारभावाची यादी, म्हणजे अशाच गाडीचा व्यापाऱ्यांचा खरेदी भाव काय त्यावरून, किंवा मूल्यांककाचा अहवाल. तिसरी वाट फक्त मोडक्या-ठोकलेल्या किंवा यादीत नसलेल्या गाडीला. ‘दरवाजाचा रंग दाखव आणि अहवाल करून घे,’ असा सल्ला एकाने दिला होता. नेहमीच्या वापरातल्या ओरखड्यांना ती वाट नाही, आणि कर खातं गाडी बघायला बोलावू शकतं. ताडपत्रीखालची गाडी घेऊन कुठेतरी वाद घालत बसायचं त्राण माझ्यात नाही. यादीने हिशोब १,५६० आला, तक्त्यापेक्षा कमी. यादी लावली, सीओसीची प्रत जोडली, ४९.१ भोवती पेन्सिलने गोल केला. तो करायची गरज नव्हती.

उद्या गुड फ्रायडे, सोमवारपर्यंत ईस्टर.

२४ एप्रिल, गुरुवार

पैसे भरले.

२६ एप्रिल, शनिवार

राजाचा दिवस. सगळं गाव भगव्या-नारिंगीत. लेकीने रस्त्यावर चादर अंथरून जुनी खेळणी विकली, साडेअकरा युरो कमावले, आणि गाडीला द्यायला तयार झाली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. बाबा: ‘आज तरी आली का पाटी?’ नाही आली.

६ मे, मंगळवार

नोंदणीचं कार्ड आलं! आपल्या आरसी स्मार्ट कार्डासारखंच, एटीएम कार्डाएवढं. त्यावर तीच अक्षरं: बी, ई, व्ही.७. ओळखीचे चेहरे भेटल्यासारखं वाटलं. गाडी नावावर चढवायचा आणि पुढे कधी विकायचा संकेतांक मात्र वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी येतो, म्हणजे एकाच टपालात दोन्ही चोरीला जायला नकोत. तो उद्या-परवा येईल.

ट्यूफची तारीख इकडे तशीच धरली गेली: एपीके मार्च २०२७ पर्यंत. (एपीके म्हणजे इकडची गाडीची ठराविक मुदतीची तपासणी. मोबाइलवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.)

८ मे, गुरुवार

संकेतांकाचं पाकीट आलं. विमा कंपनीला फोन करून नवा क्रमांक दिला. आतापर्यंत विमा चेसिस नंबरवर होता, ओळखीसाठी त्याचे शेवटचे चार आकडे. मग परवानाधारक पाटीवाल्याकडे. कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही दाखवल्याशिवाय तो पत्र्याला हात लावत नाही. पाटी पिवळी, अक्षरं काळी. जर्मनीत पाटी मालकाच्या गावाची. इथे क्रमांक गाडीचा. मालक बदलोत, गाव बदलो, गाडी भंगारात जाईपर्यंत हाच राहणार. मला हे आवडलं. एमजी होती, आता ती कुठल्याच गावची नाही.

फेल्डहोवनच्या अंगणात पाट्या बसवल्या. मैत्रिणीच्या नवऱ्याने ताडपत्रीची घडी घातली आणि एकदा बॉनेटवर थाप मारली.

संध्याकाळी बाबांना क्रमांक कळवला. आरडीडब्ल्यूच्या संकेतस्थळावर कोणीही पाटीचा क्रमांक टाकून गाडीची माहिती बघू शकतो, मालकाचं नाव सोडून. दहा मिनिटांनी औरंगाबादहून फोन. ‘करडा रंग. वजन लिहिलंय. एपीके सत्तावीसचा मार्च.’ बाबा एकेक ओळ वाचत होते, शब्दकोश लावून. ‘आणि हे काय रे, किलोमीटरबद्दल मत नाही म्हणतात?’

पुढचा अर्धा तास मी तेच समजावत होतो.

११ मे, रविवार

रस्ताकराचं पत्र यायचंय. तो वजन, इंधन आणि प्रांत बघून ठरतो, तीन-तीन महिन्यांनी कापून घेतात. हिवाळी टायर तळघरात रचले.

ड्युसेलडॉर्फकराला चकली आणि एक जेवण देणं आहे. पण त्याच्या शहराच्या मधल्या भागात हिरव्या स्टिकरशिवाय जाता येत नाही, आणि काचेवरच्या जुन्या स्टिकरवर एमजीचा जुना क्रमांक पेनाने लिहिलेला, म्हणजे तो बाद. नवा मागवला. जुना आज सकाळी कार्डाच्या कडेने खरवडत होतो, तर अर्धा निघाला आणि आकडा ४ तेवढा काचेला चिकटून बसला. केसांचा ड्रायर लावून बघायचाय. बायको आंघोळीहून आली की.